पूर्णाकाठचे खारे पाणी आणि न आलेला समुद्र

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची इच्छा झाली व त्यांनी ती या निवृत्त शाळामास्तराच्या कानी घातली. अशा प्रसंगी इतिहास म्हटला म्हणजे वंशावळी, वतने, सनदा आणि लढाया यांकडे मन धावते. ते योग्यच आहे. अडगावची लढाई, गाविलगडचा पाडाव व सुर्जी-अंजनगावचा तह ही १८०३ सालची तिन्ही प्रकरणे आपल्याच मुलखात घडली, आणि आपल्या आजा-पणजांनी ती ऐकून सांगितली. परंतु ज्या भूमीवर हे सारे घडले, तिचाही स्वतःचा एक इतिहास आहे. त्याची सनद कोणत्याही दप्तरात नाही. ती आपल्या विहिरींच्या पाण्यात आहे. आपल्या ज्ञातीतील निम्म्याहून अधिक कुटुंबांची मूळ गावे पूर्णेच्या दोन्ही अंगांस, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा व बाळापूर या तालुक्यांत आहेत. त्या कुटुंबांना खाऱ्या पाण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. मात्र ते पाणी खारे का झाले, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. आणि ज्यांनी विचारला, त्यांना माझ्यासारख्या शिक्षकाने चुकीचे उत्तर दिले. ती चूक दुरुस्त करणे हाही या लेखाचा एक हेतू आहे.

माझे बालपण अशाच एका खारपाणपट्ट्यातील गावी गेले. गावात विहिरी सात होत्या. पिण्याजोगे पाणी एकीलाही नव्हते. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि पाहुण्यासाठी चहा टाकला तर दूध फाटून यजमानाची फजिती होई. पिण्याचे पाणी स्त्रिया नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीने भरीत. पावसाळ्यात वळचणीखाली घागरी, गुंड, परात, जे हाताशी येईल ते मांडले जाई, आणि ते पाणी रांजणात जपून ठेवले जाई. माझी आजी सांगे, ‘येथे पूर्वी समुद्र होता. अगस्ती ऋषींनी तो तीन आचमनांत पिऊन टाकला. पाणी गेले, पण मीठ तळाशी राहिले.’ तिच्या सांगण्यावर शंका घेण्याचे आम्हाला कारण नव्हते. जीभच साक्ष देत होती.

पुढे मी मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, आणि आजीचीच गोष्ट अगस्ती ऋषींना वगळून वर्गात सांगू लागलो. ‘मुलांनो, फार प्राचीन काळी येथे समुद्राचा एक फाटा होता, म्हणून आपले पाणी खारे.’ कितीतरी वर्षे मी हे सांगितले. एके दिवशी सातवीतील एका मुलाने उभे राहून विचारले, ‘गुरुजी, समुद्र होता तर मग शंख-शिंपले कुठे आहेत? आमच्या शेतात विहीर खणली, साठ हात माती निघाली, पण एकही शंख निघाला नाही.’ मी त्याला खाली बसविले. त्या दिवशी मी त्यास दटावले, याची खंत मला आजही आहे. परंतु त्याच्या प्रश्नामुळेच मी पुस्तके धुंडाळू लागलो, जाणकारांना विचारू लागलो, आणि निवृत्तीनंतर जे हाती लागले ते येथे सादर करीत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या पाण्याचे मीठ काही नुसत्या जिभेपुरते नव्हते. त्यावर एक धंदा चालत असे. अकोल्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या आसमंतात, दहीहंडा या गावच्या परिसरात खोल विहिरी खणून त्यांतील खारे पाणी उपसले जाई व उन्हात आटवून मीठ केले जाई. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात भूगर्भ खात्याच्या पाहणीकारांनी या मिठाच्या विहिरींची नोंद केलेली आहे. पुढे इंग्रजी अमलात मिठावर सरकारी मक्ता बसला व हा धंदा बंद पडला. म्हणूनच १९३० च्या एप्रिल महिन्यात, महात्माजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलल्यावर, वऱ्हाडातील सत्याग्रहींना मिठासाठी समुद्र शोधीत जावे लागले नाही. ते दहीहंड्यास गेले आणि तेथील विहिरीच्या पाण्याचे मीठ करून त्यांनी कायदा मोडला. समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या एका खेड्यात मिठाचा सत्याग्रह होतो, ही गोष्ट साऱ्या देशाच्या इतिहासात लक्षात राहण्याजोगी आहे. ज्या पाण्याने आपल्याला त्रास दिला, त्याच पाण्याने आपल्याला त्या संग्रामात मानाचे पान मिळवून दिले.

आता समुद्राकडे वळू. पूर्णा ही सातपुड्यात बैतुल जिल्ह्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेस वाहते आणि मुक्ताईनगराजवळ चांगदेव येथे तापीस मिळते. तापी मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेखाली खंबायतच्या आखातास मिळते. म्हणजे आपल्या शेतातून ओघळलेले पावसाचे पाणी अखेर सुरतेच्या खाडीत पोचते. आपले आणि समुद्राचे नाते येथे आहे. तेव्हा त्या खाडीचा इतिहास समजल्यावाचून आपल्या पट्ट्याचा इतिहास समजणार नाही.

नदी समुद्रास मिळते त्या जागी जे रुंद, भरती-ओहोटीचे मुख तयार होते, त्याला आपण खाडी म्हणतो. ती कशी बनते? नदीने आपल्या जोराने ती खोदली, असे वाटणे साहजिक आहे. परंतु खाडीचे खरे कर्ते दोन आहेत : एक समुद्राची वरखाली होणारी पातळी, आणि दुसरा जमिनीचा वरखाली होणारा पाया. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर कडाक्याच्या थंडीचे युग होते. उत्तरेकडील मोठमोठे प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली होते. ते सारे पाणी समुद्रातूनच गेलेले असल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली उतरली होती. त्या काळी खंबायतचे आखात म्हणजे कोरडी जमीन होती. तापी आणि नर्मदा या नद्या आजच्या किनाऱ्यापाशी न थांबता त्या मैदानातून आणखी पुष्कळ दूर वाहत जात. पुढे हवा उष्ण झाली, बर्फ वितळले, समुद्र चढू लागला, आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या जवळपास येऊन ठेपला. नद्यांची खालची खोरी पाण्याखाली गेली. बुडालेले खोरे म्हणजेच खाडी. मग नदी वरून गाळ आणू लागली, भरती खालून गाळ लोटू लागली, आणि दोघींच्या ओढाताणीत खाडी कधी रुंदावते, कधी भरून येते.

या ओढाताणीत एका शहराचे भाग्य कसे फिरते, याचे उदाहरण सुरत होय. मोगल अमदानीत मक्केच्या यात्रेचे हे बंदर, आणि युरोपातील व्यापाऱ्यांच्या वखारींचे ठाणे. शिवछत्रपतींनी १६६४ व १६७० मध्ये दोनदा सुरत लुटली, आणि दुसऱ्या स्वारीनंतर १६७० मध्येच आपल्या वऱ्हाडातील कारंजे लुटले, हे सर्वश्रुत आहे. समुद्रकाठचे सुरत व आतील कारंजे ही दोन्ही एकाच वैभवाची दोन टोके होती. परंतु त्या वैभवाच्या काळीही तापीचे मुख गाळाने व वाळूच्या दांड्यांनी उथळ होते. मोठी जहाजे नदीत येऊ शकत नसत, ती बाहेर सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत. पुढे व्यापार मुंबईच्या खोल बंदरात गेला. त्यास राजकीय कारणे पुष्कळ होती, तथापि नदीमुखातील गाळ हेही एक कारण होते. त्या गाळात आपल्या काळ्या जमिनीचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

समुद्राची पातळी हा एक कर्ता झाला. दुसरा कर्ता जमीन. आपण जमिनीला स्थिर म्हणतो, ‘अचला’ असे तिचे नावच आहे. परंतु ती अचल नाही. मुंबईस १८७० च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीच्या पुष्कळ खाली, चिखलात, खैराच्या जातीच्या झाडांची शेकडो खोडे मुळांसह उभी सापडली. झाडे समुद्रात उगवत नाहीत. अर्थात ती जमीन एकेकाळी वर होती आणि मागाहून खचली. याहूनही प्रत्यक्ष उदाहरण कच्छचे आहे. १६ जून १८१९ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. कच्छच्या रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी पाच-सहा मीटर उंचीचा मातीचा उंचवटा एकाएकी वर आला. माणसांनी बांधलेला नव्हे म्हणून लोकांनी त्यास ‘अल्लाबंद’ हे नाव दिले. त्याच्या दक्षिणेची जमीन मात्र खचली, तिच्यात समुद्र शिरला, आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला. सिंधूचा जो जुना फाटा तेथून समुद्रास जात असे, त्याची वाट या बांधाने अडली; १८२६ च्या पुरात पाण्याने बांध फोडून ती पुन्हा मोकळी केली. गंमत अशी की, त्या फाट्याचे नाव ‘पुराण’ होते. एका दिवसात जमीन वर येते, जमीन खाली जाते, आणि खाडीचे रूप पालटते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

खंबायतचे आखातही असेच खचलेल्या भूमीवर आहे. तेथील भूकवचात दोन्ही बाजूंस उभ्या भेगा पडून मधला पट्टा कोट्यवधी वर्षे हळूहळू खाली बसत गेला, आणि त्यात हजारो मीटर जाडीचा गाळ साचला. त्याच गाळात अंकलेश्वरचे तेल १९६० मध्ये सापडले. म्हणजे तापीच्या मुखाशी एक खचलेले खोरे आहे. आणि, वाचकहो, तिच्या वरच्या अंगास दुसरे खचलेले खोरे आहे, ते म्हणजे आपली पूर्णामाय.

अकोटाहून किंवा परतवाड्याहून उत्तरेस पाहावे. मैदान सपाट चालत जाते, आणि एकाएकी सातपुड्याची भिंत उभी राहते. गाविलगड, नरनाळा हे किल्ले त्या भिंतीच्या माथ्यावर आहेत. मधे टेकड्यांची हळूहळू चढण नाही. आखल्यासारखी सरळ ही कड पाण्याने झिजून झालेली नाही; ती भूकवचातील एका मोठ्या भेगेची कड आहे. भूशास्त्रज्ञ तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. नर्मदा, शोण व तापी यांच्या खोऱ्यांतून जो भेगांचा मोठा पट्टा देशाच्या मध्यातून पूर्व-पश्चिम गेला आहे, त्याचाच हा भाग होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण झाला. त्यानंतर या भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला आणि दक्षिणेचा खाली गेला. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीस या भेगेलगत काळ्या पाषाणाखालचे त्याहूनही जुने वालुकाश्म उघडे पडलेले दिसतात, आणि तेथील उष्ण पाण्याचा झरा यात्रेकरूंच्या परिचयाचा आहे. धरणीने आपले पोट थोडेसे उघडून दाखवावे, तसे ते स्थळ आहे.

भेगेच्या दक्षिणेस खचलेल्या या द्रोणात पूर्णा व तिच्या उपनद्या लाखो वर्षे गाळ भरीत आल्या. वान, शहानूर, चंद्रभागा या सातपुड्यातून, आणि पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन या दक्षिणेकडून व पूर्वेकडून. वेधन करणाऱ्यांना काही ठिकाणी तीनशे मीटरांहून अधिक खोलीपर्यंत गाळच लागला, खडक लागला नाही. आता अकोल्याच्या आसपासचे मैदान समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरांच्या आतबाहेर उंचीवर आहे. सुज्ञ वाचकांनी वजाबाकी करून पाहावी. त्या खोल जागी द्रोणाचा पाषाणतळ आजच्या समुद्रपातळीइतका किंवा तिच्याही खाली जातो. नदीने इतके खोल खोदणे शक्य नाही, कारण पुढे पश्चिमेस तापीला खडकांतून वाट काढावी लागते आणि तो खडकाचा उंबरठा वरच आहे. उंबऱ्याच्या आत घराची जमीन खचावी, तसा हा प्रकार आहे. तळ खचत गेला आणि नदी तो गाळाने भरीत गेली.

या गाळाच्या थरांत एक विलक्षण पाहुणाही आहे. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाला. त्याची राख समुद्र ओलांडून भारतावर पडली, आणि पूर्णेच्या काठच्या दरडींत काही ठिकाणी तिचा फिकट थर आजही आढळतो. अकोला-अकोट रस्त्यावर पूर्णा ओलांडताना त्या उंच दरडींकडे आपण कितीदा पाहिले असेल. पण तेथे पृथ्वीची रोजनिशी उघडी पडली आहे, हे आपल्याला ठाऊक नव्हते.

मग या द्रोणात समुद्र आला होता काय? काही विद्वानांनी पूर्वी तसे अनुमान केले होते, म्हणून माझ्या आजीला व मला अगदीच वेडे ठरवू नये. परंतु हिशेब जुळत नाही. आजचे पृथ्वीवरील सर्व बर्फ वितळले तरी समुद्र सुमारे ६५ ते ७० मीटरच चढेल, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर्णेचे मैदान त्याच्या कितीतरी वर आहे, आणि मधे खडकाचा उंबरठा आहे. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ येथे समुद्री शंख-शिंपल्यांचे दगड मिळतात, हे खरे. तेथे समुद्र आला होता. पण ती गोष्ट सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीची, आपला काळा पाषाण जन्मास येण्याच्याही आधीची. त्या समुद्राचे मीठ आपल्या वरच्या गाळात येऊन बसले, असे म्हणता येणार नाही. सातवीतील त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. शंख नव्हते, कारण समुद्र नव्हता.

तर मग मीठ कोठून आले? याचे उत्तर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारला मिळते. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या त्या सुमारे १,८०० मीटर रुंदीच्या विवरात समुद्र कधी शिरला नाही, तरी तेथील सरोवर खारे आहे. कारण पाणी आत येते, बाहेर जात नाही. ऊन पाण्याला नेते आणि क्षार मागे ठेवते. पूर्णेच्या द्रोणाची गोष्ट याच जातीची आहे. पाषाण झिजताना त्यातील सोडियम व चुना पाण्यात उतरतो. चुना चुनखडीचे खडे होऊन मातीत बसतो, ते खडे आपल्या नांगराला लागतातच; सोडियम मात्र पाण्यातच राहतो. वरची माती चिकण, उतार अत्यल्प, हवा कोरडी, पाऊस मध्यम. अशा ठिकाणी खोल पाणी जवळजवळ कोंडलेले राहते व युगानुयुगे अधिक खारे होत जाते. याशिवाय पावसाचे ढग अरबी समुद्रावरून येताना समुद्राच्या मिठाचा सूक्ष्म अंश आणतात. एका पावसात तो नगण्य. पण लाखो पावसाळ्यांत, कोंडलेल्या द्रोणात, तो नगण्य राहत नाही. तेव्हा आजीची गोष्ट अगदीच खोटी नव्हती, असे मला आता वाटते. समुद्र स्वतः आला नाही. त्याचा वारा मात्र दर आषाढात येत राहिला.

एकाच नदीमालेवर दोन खचलेली खोरी. खालच्यात समुद्र शिरला व त्याची खाडी झाली. वरच्यात समुद्र पोचला नाही, पण भरून आलेल्या गाळात खारे पाणी कोंडले. एक पाण्यावर दिसते, दुसरे जमिनीखाली आहे. आपल्या पट्ट्याचा इतिहास हा असा आहे.

या इतिहासाचा आपल्या संसाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी नद्यांनी आणून टाकलेले गोटे व रेती असल्यामुळे तेथे पाणी गोड. म्हणून अंजनगावचे पानमळे, केळी, अचलपूरकडील संत्री. तेथून दहा-पंधरा मैल खाली उतरले की विहीर खारी. एकाच ज्ञातीची, एकाच गोत्राची घरे. पण एका घरी बागायत आणि दुसऱ्या घरी रांजणातले पाणी मोजून प्यावे लागणारे. सोयरीक जुळवताना हुंडा-मानपानाच्याही आधी ‘तुमच्या गावचे पाणी कसे?’ हा प्रश्न येई. माझे सासरे पायथ्याच्या गावचे. मला पाहावयास आले तेव्हा त्यांनी माझ्या शिक्षणाविषयी एक प्रश्न विचारला आणि विहिरीविषयी चार. मुलगी दिली हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्या मुलीने पुढे तीस वर्षे आमच्या घरचे पाणी भरले. तिने एकदाही माहेरच्या विहिरीचे नाव काढले नाही, हा तिचा त्याहून मोठेपणा. गावोगाव मूत्रपिंडाच्या दुखण्याची तक्रार ऐकू येते. आपल्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्यात आजही पट्ट्यातील शेतकरी मुलगा मागे पडतो, हे आपण सर्व जाणतो आणि उघड बोलत नाही. म्हणून ते येथे लिहिले.

आणखी एक गोष्ट लिहितो. ती सांगताना संकोच वाटतो. आमचे वडिलोपार्जित आठ एकरांचे शेत होते. शेतात खोल नळकूप करून द्यावयाचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाने सांगितले, ‘पाणी भरपूर आहे, गहू घ्या, हरभरा घ्या.’ पाणी खरोखर भरपूर होते. पहिली दोन वर्षे गहूही आला. तिसऱ्या वर्षी जमीन चोपण झाली. पाऊस पडला की वर तळे साचे, ऊन पडले की माती दगडासारखी टणक होई. खाऱ्या पाण्यातील सोडियमाने मातीच्या कणांची घडीच मोडली होती. शिक्षक असूनही मी आधी पाणी तपासून घेतले नाही. पूर्वज कोरडवाहू कापूस, तूर व ज्वारी का पेरीत आणि विहिरीचे पाणी शेताला का देत नसत, याचे कारण त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. मला पुस्तके वाचूनही ठाऊक नव्हते. त्या शेतावर जिप्सम टाकून, चर खोदून व पावसाचे गोडे पाणी मुरवून जमीन थोडीफार सुधारली, पण त्यात कितीतरी वर्षे गेली.

तेव्हा या इतिहासाचा उपदेश सरळ आहे. द्रोणाखालचे पाणी आपले नव्हे. आभाळातले पाणी आपले. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. तेथील जाणकारही शेततळी, पावसाचे पाणी अडविणे, सरी-वरंबे व गरजेपुरते संरक्षित पाणी हाच मार्ग सांगत आले आहेत. वान धरणाचे व शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने पट्ट्यातील पुष्कळ गावी आले आहे, ही मोठीच सुधारणा होय. परंतु नळ आला म्हणून रांजण फोडू नये. ज्या घरात कौलांवरचे पाणी साठविण्याची रीत होती, त्या घराने सिमेंटच्या गच्चीवरचे पाणी वाया घालवावे, याला प्रगती म्हणवत नाही. ऋणमोचनास पूर्णेच्या काठी घाट उभारणाऱ्या गाडगेबाबांचे बालपण याच पट्ट्यात गेले. त्यांनी लोकांना स्वच्छतेबरोबर पाण्याची किंमतही शिकविली. त्यांचे नाव घेणाऱ्या आपण ती विसरू नये.

आणि शेवटी पुन्हा समुद्र. हतनूरच्या व उकाईच्या धरणांनी तापीचे पाणी आणि गाळ आता वाटेत अडतो. १९७२ पासून उकाई उभे आहे. तरी ऑगस्ट २००६ मध्ये महापुराने सुरत बुडाली, तेव्हा त्या पाण्यात आपल्या पूर्णेचेही पाणी होते. १९०१ पासूनच्या सुमारे सव्वाशे वर्षांत जगाच्या समुद्राची पातळी सुमारे वीतभर वाढली आहे आणि अजून वाढत आहे. जमीनही स्वस्थ नाही : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरने ते दाखवून दिले, जबलपूरचा भूकंप तर आपल्या सातपुड्याच्याच भेगांच्या पट्ट्यातील. भिण्याचे कारण नाही, परंतु घर बांधताना व विहीर खणताना पायाखालच्या भूमीचा स्वभाव माहीत असावा.

सातवीतील तो मुलगा आता कोठे असेल, मला माहीत नाही. त्याच्या हाती ही स्मरणिका पडली तर त्याने हे त्याच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे व आपल्या गुरुजीला क्षमा करावी. इतर बांधवांस एवढीच विनंती की, वर्गात किंवा घरात मूल उभे राहून असा प्रश्न विचारील, तर त्याला खाली बसवू नका.